वानर, अडई आणि लाल रेघा

वानर आणि बदक यांत फरक काय, असं एखाद्या गिऱ्हाइकानं मला विचारलं असतं तर मी त्याला दुकानाबाहेर काढलं असतं. पण विचारणारी माझी मुलगी होती. ती सातवीत आहे. शाळेनं परिसरातल्या दोन प्राण्यांची तुलना करायला सांगितली होती, मोठ्या तक्त्यावर, चित्रं काढून. तिनं वानर घेतलं, कारण नागपूरच्या कडेला बेसातल्या आमच्या घराच्या स्लॅबवर वानरांची टोळी रोज सकाळी येते. दुसरा प्राणी तिनं घेतला अडई. आमच्या ले-आउटच्या मागे एक बोडी अजून शिल्लक आहे, जुन्या शेताचं पाणी साठवायचं लहानसं तळं. प्लॉट पडत पडत काठाला येऊन भिडलेत, तरी पावसाळ्यात तिथे अडया उतरतात. रंगानं तांबूस, मान लांब, आणि इतर बदकांसारखं न ओरडता शीळ घालणाऱ्या.

अडई हे नाव तिनं शाळेतून आणलं. माझ्या लहानपणी आम्ही त्याला नुसतं शिट्टीवालं बदक म्हणायचो. तिच्या तोंडून ते वर्णन ऐकलं आणि मी ते बदक ओळखलं. या बदकाचा आणि माझा जुना हिशेब होता.

माझं बालपण खापरखेड्याला, वीज केंद्राच्या कामगार वसाहतीत गेलं. वडील ठेकेदाराकडे मजूर होते. वसाहतीच्या मागे एक डबकं होतं आणि काठावर वीज पडून अर्धं वाळलेलं आंब्याचं झाड. त्याच्या ढोलीत मी हे बदक शिरताना पाहिलं. एकदा नाही, पुष्कळदा. मग एका सकाळी त्याची पिल्लं त्या ढोलीतून एकेक करून खाली उड्या मारताना पाहिली. कापसाच्या बोंडासारखी पडायची, उठायची आणि पाण्याकडे पळायची. सहावीत असताना पाहिलेल्या पक्ष्यावर निबंध लिहायचा होता, तेव्हा मी ते सगळं लिहिलं. गुरुजींनी तो निबंध वर्गात मोठ्यानं वाचला. झाडावर घरटं, या वाक्याशी थांबले आणि म्हणाले, "मग वांदर पाण्यात अंडे देत असन, नाही का गा?" वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातली पोरं खिडकीत आली. त्या दिवसापासून शाळा सुटेपर्यंत माझं नाव झाडबदक होतं.

शाळा मी नववीनंतर सोडली. त्याला कारणं दुसरी होती, घरातली होती. पण मनात मी ते त्या हसण्याच्याच खात्यावर टाकलं. पुढे जे काही उभं केलं ते स्वतः केलं. शहरात जुनी घरं पडतात, त्यांचे सागवानी दरवाजे, खिडक्या, चौकटी मी विकत घेतो, रंधा मारून, पॉलिश करून नव्या बंगलेवाल्यांना विकतो. रामदासपेठेतल्या डॉक्टरांपासून बेसातल्या इंजिनिअरांपर्यंत सगळे माझ्याकडे येतात. त्यांच्याशी बोलताना माझ्या मुठी आधीच आवळलेल्या असतात. हा आपल्याला हसणार, असं धरूनच मी सुरुवात करतो.

या धंद्यात माझ्याकडे दोन हत्यारं आहेत. पहिलं म्हणजे पाठ फिरवणं. भाव पटला नाही की मी वाद घालत नाही. हात झटकतो, पाठ फिरवतो आणि गाडीकडे चालू लागतो. गाडीपर्यंत पोचायच्या आत मागून हाक येते. मागे वळून बघायचं नाही, हे त्यातलं अवघड काम. दुसरं हत्यार मालगुजार, म्हणजे जुन्या काळचा गावचा जमीनदार. दरवाजा कुठल्याही पडक्या चाळीतला असो, गिऱ्हाइकाला मी सांगतो की हा मालगुजाराच्या घरातला आहे, मी उभा राहून काढून घेतला. गिऱ्हाइकाला ते आवडतं. त्या दाराआड कोणीतरी मोठा माणूस झोपला होता, असं त्याला वाटतं. माझी मुलगी सुट्टीच्या दिवशी दुकानात येऊन बसायची, तेव्हा तिनं हे वाक्य किती वेळा ऐकलं असेल कोण जाणे. एकदा ती हसत म्हणाली होती, "बाबा, मालगुजाराच्या घराले किती दरवाजे होते?" मीही हसलो होतो.

तक्त्याचं काम तिनं स्वतः सुरू केलं होतं. सकाळी वही घेऊन ती जिन्याच्या दारात बसायची आणि वानरं बघायची. तिनं तक्त्यावर पेन्सिलीनं कच्चं लिहून ठेवलं होतं. वानराची आई राखाडी आणि काळ्या तोंडाची, तर तिचं तान्हं पिल्लू अंगानं काळपट आणि तोंडानं गुलाबी, अगदी उलट. ते पिल्लू एकटी आई सांभाळत नाही. दुसरी वानरीण येते, मागून घेते, मग तिसरी घेते, आणि आई तेवढ्यात निवांत पानं खाते. अडईचं मात्र तसं नाही. तिथे नर आणि मादी दिसायला सारखीच, आणि पिल्लांच्या पुढेमागे दोघंच पोहतात, दुसऱ्या कोणाला जवळ येऊ देत नाहीत. शेवटी तिनं लिहिलं होतं की वानराचं पिल्लू सगळ्यांचं असतं आणि अडईचं पिल्लू दोघांचंच.

मी ते वाचलं आणि म्हणालो, "हे फरक नाही झाले वं. हे गोष्टी झाल्या."

मग मी खुर्ची ओढून बसलो. वानराला चार हातपाय, अडईला दोन पाय. वानराला शेपूट, अडईला पंख. वानर पाला खातं, अडई पाण्यातलं खाते. वानर पिल्लू देतं, अडई अंडी देते. मी सांगत गेलो आणि ती लिहीत गेली. तिचं पेन्सिलीचं मी खोडरबरानं पुसलं. कोपऱ्यातलं वानराच्या पिल्लाचं चित्र तेवढं राहू दिलं, कारण ते छान आलं होतं. आणि शेवटी, ठळक अक्षरांत, मी तिला लिहायला लावलं की अडई झाडाच्या ढोलीत घरटं करते आणि तिची पिल्लं उंचावरून उडी मारतात.

ती लिहिता लिहिता थांबली. "पण हे मी नाही पाह्यलं, बाबा."

"मी पाह्यलं ना. मी पाह्यलं म्हंजे तू पाह्यलं."

ती आणखी काहीतरी सांगत होती, मॅडमनं काहीतरी नियम सांगितला होता, असं. तेवढ्यात कामठीच्या एका माणसाचा फोन आला, त्याच्याकडे खिडक्यांचा मोठा लॉट होता. मी बोलत बोलत बाहेर गेलो. परत आलो तेव्हा तक्ता गुंडाळून ठेवलेला होता.

पालकसभेच्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये तक्ते लावले होते. मी खिशात कंगवा घालून, इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो. इतक्या वर्षांनी माझं बदक शाळेच्या भिंतीवर जाणार होतं, आणि माझ्याच मुलीच्या अक्षरात. हॉलमध्ये मी सगळे तक्ते पाहिले. आमचा नव्हता. तो बाहेर, वऱ्हांड्याच्या टोकाला, पिण्याच्या पाण्याच्या टाकीशेजारी होता. आणि तो लाल झाला होता. एकेका ओळीखाली लाल रेघ. शेपूट, पंख, पाय, पाला, सगळ्यांखाली. अडईच्या झाडावरच्या वाक्याखाली तर दोन रेघा. गुण काठावरचे.

मला पुढचं काही दिसलं नाही. मला गुरुजी दिसले आणि खिडकीत जमलेली पोरं दिसली. मी तक्ता भिंतीवरून ओढला. खालचा कोपरा टाचणीला अडकला होता, तो फाटून तिथेच राहिला. तक्ता हातात घेऊन मी वर्गात शिरलो. बाई तरुण होत्या, समोर दोनतीन पालक बसले होते, आणि माझी मुलगी त्यांच्या टेबलाशेजारी उभी होती. बाई मला बसा म्हणाल्या. मी बसलो नाही, तक्ता टेबलावर टाकला.

मी म्हणालो, "हे बदक झाडावर घर करते. मी माह्या डोळ्यानं पाह्यलं आहे. तुमच्या पुस्तकात नाही म्हणून लाल करून टाकता का?"

"करते ना," बाई शांतपणे म्हणाल्या. "अडई ढोलीतच घरटं करते. बरोबर लिहिलंय ते."

दार ढकलायला पूर्ण जोर लावावा आणि ते आधीच उघडं असावं, तसं मला झालं. पण हात मागे घ्यायची मला सवय नाही. मी विचारलं की बरोबर आहे तर मग गुण काहून कापले. बाईंनी माझ्या मुलीकडे पाहिलं. मुलीनं खाली पाहिलं. दोघी गप्प राहिल्या. समोरचा माणूस असा गप्प झाला की तो उतरतो, हे मी आयुष्यभर पाहिलं आहे. म्हणून मी लगेच बोललो, "पूर्ण नका देऊ मग. मधातले तरी द्या. तुमचंही राहीन, आमचंही राहीन."

बसलेल्यांपैकी एक पालक हसला. मोठ्यानं नाही, नाकातून. बाई म्हणाल्या की गुणांत असं करता येत नाही, पण आपण बसून बोलू, मुलगी स्वतः सांगेल. मला तेवढंच ऐकू आलं की येत नाही. मग मी ते केलं जे मी नेहमी करतो. हात झटकला. "राहू द्या. शाळा काही एकच नाही नागपुरात." आणि पाठ फिरवली.

त्या वऱ्हांड्यातून मी चाललो ते मला जन्मभर विसरता येणार नाही. चाल नेहमीची ठेवली होती, सावकाश, म्हणजे हाक मारणाऱ्याला वेळ मिळतो. मागे बघितलं नाही. पाण्याच्या टाकीपाशी आलो. हाक आली नाही. हॉलच्या दारापाशी आलो, पायऱ्या उतरलो, मैदान ओलांडलं. पायऱ्यांपर्यंत मागून बाईंचा आवाज येत होता, पण त्या दुसऱ्या कोणाच्या तरी मुलाच्या अक्षराबद्दल बोलत होत्या. फाटकाशी पोचलो तेव्हा चौकीदारानं मला बघून फाटक उघडून धरलं, चांगल्या मनानं. आणि मग मला आठवलं की माझी मुलगी आतच आहे.

दुकानाच्या बाहेर पडलं की माल मागे राहतो, त्याचं काही वाटत नाही. इथे मी तिला मागे टाकून आलो होतो, भाव पाडण्यासाठी. चौकीदाराला मी म्हणालो की काहीतरी विसरलं. त्यानं फाटक पुन्हा लावलं.

मी आत गेलो तेव्हा ती वऱ्हांड्यात खाली बसली होती. तक्ता जमिनीवर पसरला होता, हातात बाईंनी दिलेली चिकटपट्टी. फाटलेला कोपरा ती जोडत होती. त्या कोपऱ्यावर वानराचं पिल्लू होतं, आणि त्या सबंध तक्त्यावर लाल रेघ नसलेली तेवढी एकच जागा होती.

"त्या रेघा मॅडमनी नाही मारल्या, बाबा," ती वर न बघता म्हणाली. "मी मारल्या. जे आपण स्वतः पाहून लिहिलेलं नाही, कोणीतरी सांगितलं म्हणून लिहिलं, त्याच्याखाली लाल रेघ मारायची होती. गुण फक्त स्वतः पाहून लिहिलेल्याला होते."

घरी ती माझ्याशी आमच्या बोलीत बोलते. तिथे ती शाळेतलं मराठी बोलली, जसं ती पाहुण्यांशी बोलते.

मी विचारलं की बाकीच्यांच्या तक्त्यांवर तर रेघा दिसल्या नाहीत. ती म्हणाली की बाकीच्यांनी मारल्या नाहीत. का, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी तिच्याजवळ उकिडवा बसलो आणि कागदाचा कोपरा धरून ठेवला. तेवढ्यात मघाचा तो हसणारा पालक आपल्या मुलाला घेऊन आमच्या बाजूनं गेला. त्यानं पाय उचलून तक्ता ओलांडला नाही, वळसा घालून गेला. त्याच्या त्या सभ्यपणानं मला जास्तच मेल्यासारखं झालं. बाईंना मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं. दाराशी थांबून नुसते हात जोडले आणि निघालो.

रात्री जेवताना बायकोला सांगायचं मी टाळत होतो, पण तिला सगळं आधीच माहीत होतं. तिनं भाकरी वाढली आणि एवढंच म्हणाली, "अजी, तिनं तुमाले सांगतलं होतं रेघांचं. तुमी फोनवर होते."

मी म्हणालो की ऐकू आलं नाही. ती म्हणाली की कुठून येईल. आणि आत निघून गेली.

मुलगी शेजारच्या घरातली असावी तशी वागत राहिली. जेवायला बसायची, विचारलं तर उत्तर द्यायची. दुकानात यायचं तिनं बंद केलं. कारण अभ्यासाचं सांगितलं. एका सकाळी मी चहा घेऊन स्लॅबवर गेलो. ती जिन्याच्या दारात बसली होती, समोर पाण्याच्या टाकीवर टोळी. मी जरा दूर बसलो. माझ्या मनात होतं की आता माफी मागावी, पण बापानं पोरीची माफी कशी मागायची याचा मला काही अनुभव नव्हता. माझ्या बापानं कधी मागितली नव्हती. तेवढ्यात तीच बोलली.

"बाबा, ते खरं आहे का?"

"काय वं?"

"बदक झाडावर जाते ते."

"तुह्या मॅडमच म्हणाल्या ना खरं आहे म्हणून."

"अडई जाते ते खरं आहे, ते मले मालूम आहे. तुमी पाह्यलं होतं का, ते विचारून राहिली." मग थोडं थांबून, माझ्याकडे न बघता, "का ते मालगुजाराच्या दरवाज्यासारखं आहे?"

ती मला टोचायला बोलली नव्हती, हेच त्यातलं वाईट. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. माझ्या आयुष्यात मी जे काही सांगत आलो त्यात ते एक वाक्य असं होतं की ज्यात एक शब्दही खोटा नव्हता. ढोल, पिल्लं, उड्या, सगळं. त्यासाठी मी वर्गाचं हसणं सोसलं होतं, त्यासाठी इतकी वर्षं शिकलेल्या माणसांवर दात धरला होता. आणि आता ते माझ्या मुलीपुढे ठेवताना माझ्याकडे पुरावा काय होता? माझा शब्द. तो तिनं दुकानात बसून चांगला पारखला होता. गुरुजींनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही, ती त्यांची चूक होती. तिनं ठेवला नाही, त्यात तिची काहीच चूक नव्हती.

मी म्हणालो, "पाह्यलं होतं. पण दाखवल्याशिवाय तू मानू नको."

त्या रविवारी आम्ही दोघं बोडीवर गेलो. बेशरमाच्या झुडपांतून वाट काढत आम्ही बांधावर बसलो. पलीकडे अर्जुनाचं एक जुनं झाड आहे, त्याला मधोमध मोठी ढोल आहे. मी ते झाड आधी बघून ठेवलं होतं. पाण्यात अडया होत्या, पुष्कळ, शेवाळाच्या कडेनं गोळा झालेल्या. अधूनमधून एखादी शीळ घालायची आणि मग सगळ्याच घालायच्या. पण झाडाकडे एकही जात नव्हती. झाडावर आमचीच टोळी येऊन बसली होती, स्लॅबवरची. फांद्या हलत होत्या, पाला गळत होता. ढोलीच्या तोंडाशी एक थोराड नर पाय सोडून बसला होता.

ऊन चढलं. मग दोन अडया पाण्यावरून उडाल्या, शीळ घालत झाडाच्या दिशेनं गेल्या, पानांमागे गेल्या आणि पलीकडून निघून गेल्या. मधे एक क्षण त्या दिसल्या नाहीत. तेवढ्या क्षणात त्या फांदीवर टेकल्या असतील, नसतील. माझ्या तोंडात वाक्य तयार झालं. टेकली, पाह्यली का, त्या फांदीवर. इतक्या सहज तयार झालं की माझी मलाच भीती वाटली. ती मान वळवून माझ्याकडे बघत होती. झाडाकडे नाही, माझ्याकडे.

"नाही बसली," मी म्हणालो. "वरूनच गेली."

ती अजून थोडा वेळ बघत राहिली. मग पाण्याकडे वळली.

"मले वाटलं होतं तुमी म्हणान बसली म्हणून," ती म्हणाली.

एखाद्या बापाला हे वाक्य ऐकून बरं वाटलं असतं. मला नाही वाटलं. मी खोटं बोललो नाही याचंच तिला नवल वाटलं होतं, आणि असं नवल वाटावं अशी बारा वर्षं ती माझ्यासोबत राहिली होती. मी बांधावरचं गवत उपटत बसलो.

थोड्या वेळानं तिनं माझ्या हाताला कोपरानं ढोसलं आणि झाडाकडे बोट केलं. खालच्या फांदीवर दोन वानरिणी शेजारी शेजारी बसल्या होत्या. एकीच्या कुशीत ते काळपट पिल्लू होतं, गुलाबी तोंडाचं. दुसरीनं हात लांब केला, पहिलीनं ते दिलं. भांडण नाही, ओढाताण नाही. पिल्लू तिच्या पोटाला चिकटलं आणि पहिली पानं तोडायला लागली.

"यातली आई कोणती?" मी विचारलं.

"आता जिनं दिलं ती."

मी नीट पाहिलं. दोन्ही राखाडी, दोन्ही काळ्या तोंडाच्या. मला काही फरक कळला नाही. तिनं मात्र रोज पाहिलं होतं.

"बरं," मी म्हणालो.